दोन नावांची एक नळी

नागपुरातून मौद्याला फोन लावला की तो नदी ओलांडून जातो, हे लोकांना माहीत नसतं. नसावंही. ते माहीत असण्यासाठी आम्ही होतो.

एका टेलिकॉम कंपनीच्या नागपूरच्या स्विच रूमचा मी प्रमुख. मे महिन्यात त्या खोलीतला एसीच आम्हाला विचारायचा, जरा बाहेर सावलीत बसून येऊ का म्हणून. आत माणसापेक्षा उंच लोखंडी पेट्यांच्या रांगा. एकेका कामाची एकेक पेटी. ग्राहक ओळखणारी वेगळी, नको ते अडवणारी वेगळी, कॉल जोडणारी वेगळी. डोळे मिटून नुसत्या पंख्याच्या आवाजावर मी पेटी ओळखायचो. कॉल जोडणारी तर आजारी पडायच्या दोन दिवस आधी खर्जात जायची. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो आणि लोक हसायचे, कारण मी आणखीही बरंच सांगायचो. एकदा मुख्य केबलचा जोड निसटला तर तो मी दाताखाली धरून उभा राहिलो, अर्ध्या विदर्भाचे फोन तासभर माझ्या जबड्यातून गेले आणि त्यात दोन सोयरिकी माझ्या तोंडातच जमल्या. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की अजूनही थंडीत ती दाढ दुखते.

काका मात्र असलं काही सांगत नसत. नात्यानं ते माझे कोणी नव्हेत. खापा गावचे, आमचे केबलवाले. शहराबाहेर जमिनीत पुरलेली आमची प्रत्येक लाइन त्यांनी पायी तुडवलेली. त्यांचं काम गस्तीचं. कुठे खोदकाम निघालं तर आमची लाइन तुटू नये म्हणून तिथे हजर राहायचं.

आता खरी गोष्ट सांगतो. ही थाप नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नदीपलीकडे जाणारी आमची एकच लाइन होती, कन्हानच्या पुलावरून. ती तुटली तर पलीकडचं सगळं गाव मुकं, म्हणून वरून हुकूम आला की दुसरी लाइन भंडारा रोडने, वेगळ्या पुलावरून टाका. त्या पुलाची परवानगी काही मिळेना. वरून रोज फोन. शेवटी आम्ही काय केलं, दुसरी लाइन पहिलीच्याच नळीत सरकवली, कन्हानच्या पुलावरून पलीकडे नेली आणि तिकडून खाली वळवून मौद्याला पोचवली. कागदावर मात्र तिचं नाव 'भंडारा मार्ग'. तात्पुरतं, परवानगी येईपर्यंत. परवानगी आली नाही आणि पुढे कोणी मागितलीही नाही. दर मार्चमध्ये 'दोन स्वतंत्र मार्ग सुस्थितीत' अशा कागदावर मी सही करत गेलो. माझी सही मोठी सुरेख आहे.

एका नळीत दोन्ही लाइनी, म्हणजे एका फावड्यात दोन्ही खलास. त्यावर आमचा उपाय एकच. पुलाच्या आसपास जेसीबी दिसला की काका प्लास्टिकचं स्टूल घेऊन नळीवर जाऊन बसायचे. आमच्या खोलीत त्याला 'पुलावर बसणं' असंच म्हणत. रजेच्या अर्जावरसुद्धा लिहिलेलं असायचं, काका पुलावर बसले असल्याने मला सुटी मिळू शकली नाही.

एकदा मी तिथे होतो. जेसीबीवाला वैतागलेला.

"काकाजी, उठा ना जी. काम खोळंबून राहिलं."

"कर ना गा काम. मी काय तुहा हात धरला? हे एवढं हातभर सोड अन् खोद."

"नकाशात त इथं काहीच नाही दाखवलं."

"नकाशात मीबी नाही. दिसून राहिलो का नाही तुले?"

त्याने हातभर सोडून खोदलं. दुपारी दोघांनी एकाच डब्यातली भाकर खाल्ली.

मग पुण्याहून मॅडम आल्या. वयाने माझ्या निम्म्या, हुशारीने दुप्पट, आणि हे वाढवून सांगत नाही. त्यांचं काम आमच्या पेट्या घालवायचं. एकेका पेटीचं काम आता सॉफ्टवेअर करणार आणि ती सगळी सॉफ्टवेअरं साध्या सर्व्हरवर, एकाच रांगेत, भाडेकरूंसारखी राहणार. दुसरं, आतापर्यंत प्रत्येक पेटी आपापल्या अकलेने रस्ता ठरवायची. यापुढे पुण्यात बसलेला एक कंट्रोलर सगळ्या जाळ्याकडे वरून बघून सगळ्यांचे रस्ते ठरवणार. एक लाइन तुटली की डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरीवर. माणसाने धावायचं नाही.

"त्याला नदी कळते का, मॅडम?" मी विचारलं. "पूल कळतो?"

"आपण सांगू तेवढं सगळं कळतं, सर."

त्यांनी मला भरायला एक पत्रक दिलं. इतके रकाने की एका टोकाला पहाट झालेली असताना दुसऱ्या टोकाला दिवेलागण व्हावी. माझ्याकडच्या जुन्या नोंदी मी त्यात उतरवल्या. दोन मार्ग, दोन नावं. जे रकाने सक्तीचे नव्हते ते कोरे सोडले.

मी मॅडमना सांगितलं नाही असं नाही. एका दुपारी आम्ही गोळाभात खात होतो. आधी मी दाताची गोष्ट सांगितली, मग टॉवरवर चढलेल्या माकडाने तीन दिवस आमचं नेटवर्क माझ्यापेक्षा बरं सांभाळलं ती, आणि त्याच ओघात म्हणालो, "आणि तुम्ही पडद्यावर जे दोन मार्ग रंगवून राहिल्या ना, ते पुलावर एकाच नळीत झोपतात. एका पांघरुणात."

त्या हसायच्या थांबल्या. "सर, हे दातासारखं आहे की खरं आहे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"खरं असेल तर मेलवर दोन ओळी लिहून द्या. मी आजच बदलते."

"लिहायला काय, मी तुमची पत्रिकापण लिहून देईन. ताटात भात वाढू का अजून?"

त्या हसल्या आणि विषय गेला. पुढे मी लोकांना सांगायचो की माझं खरं बोलणं माझ्याच थापांच्या गर्दीत चेंगरून मेलं. ऐकायला बरं वाटतं. पण त्याला त्या गर्दीत मीच सोडलं होतं, बोट सोडवून. लिहून दिलं असतं तर इतक्या वर्षांच्या सह्या बाहेर आल्या असत्या. आणि नव्या व्यवस्थेत नागपूरसाठी प्रमुखाची एकच जागा राहणार होती.

पत्रकाचा पहिला परिणाम महिन्याभरात आला. दोन स्वतंत्र मार्ग असल्यामुळे गस्तीची आवश्यकता नाही. म्हणजे काकांची आवश्यकता नाही.

काका माझ्या टेबलाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"साहेब, थ्या मॅडमले सांगा ना, नळी एकच हाय म्हनून. मंग मले काढताच येनार नाही."

"सांगितलं ना काका."

"काय म्हनल्या?"

"हसल्या."

"तुमी कसं सांगतलं?"

"जसं सांगतो तसं."

"मंग हसतीनच थ्या. तसं नोका सांगू. लेखी द्या."

"देतो."

आठवड्याने परत आले. "देल्लं का, साहेब?"

"देऊन राहिलो. शब्द जमवून राहिलो जरा."

"तुमाले अन् शब्द जमत नाही," ते म्हणाले आणि गेले. तिसऱ्यांदा आले नाहीत.

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, समोसे आणि माझं भाषण. काय बोललो मी त्या दिवशी. काकांच्या नुसत्या पावलाच्या आवाजाने उंदीर केबल कुरतडायचे थांबतात म्हणालो. काका पुलावर बसले की नदी खालून वळसा घालून जाते म्हणालो. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. काका पहिल्या रांगेत मांडीवर नारळ घेऊन बसले होते. शेवटी त्यांनी शालीची नीट घडी केली, पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "लय मस्त बोलले तुमी." मी ते कौतुक म्हणून घेतलं. निदान त्या संध्याकाळपुरतं.

पेट्या भंगारात गेल्या. मौद्याची छोटी पेटीही गेली, जी नागपूरशी संबंध तुटला तरी गावातल्या गावात फोन जोडून द्यायची. तिची अक्कल आता नागपूरच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर होऊन राहत होती. मला प्रमुखाची जागा मिळाली.

उन्हाळा लागता लागता पुलाच्या कडेला काम निघालं. खोदण्याआधी ठेकेदाराने परवानगीचा अर्ज भरायचा, अशी नवी पद्धत. अर्ज सिस्टीममध्ये आला. सिस्टीमने तपासलं, या जागी पहिला मार्ग आहे, तो तुटला तर दुसरा आहे का? आहे. ग्राहकांना त्रास? शून्य. परवानगी दिली. माणसाचा हात लागला नाही. मला फक्त माहितीसाठी मेल आला.

मी तो वाचला. सकाळी, चहा पिता पिता. स्टूल घेऊन स्वतः जावं असं एकदा मनात आलं, नाही असं नाही. पण प्रमुखाने उन्हात पुलावर बसायचं? एवढ्या वर्षांत एकदाही तुटली नव्हती, आजच कशाला तुटेल, असं म्हणून मी बिस्किट बुडवलं. एकदाही का तुटली नव्हती, याचा विचार केला नाही.

अकराच्या सुमारास पडद्यावर दोन्ही मार्ग एकदम लाल झाले. कंट्रोलरने दुसरा मार्ग धरायला हात पुढे केला तर तिथे काहीच नव्हतं. नदीपलीकडे सगळं मुकं झालं. पूर्वी निदान शेजाऱ्याचा शेजाऱ्याला फोन लागायचा, आता तोही नाही, कारण जोडून देणारं डोकं नदीच्या अलीकडे राहिलं होतं. दवाखान्याला कंपाउंडर सापडेना, दुकानदाराला गाडीवाला सापडेना. माणसं स्कुटरवर बसून एकमेकांना शोधत फिरत होती.

पुण्याहून आदेश सुटला, एक टोळी कन्हानच्या पुलावर, दुसरी भंडारा रोडवर. पुलावर पोचलेल्यांना तुटकी नळी लगेच दिसली. त्यात किती लाइनी आहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं, नोंदीप्रमाणे ते एकच जोडत होते, आणि तीही चुकीच्या टोकाला. दुसरी टोळी भर उन्हात, नसलेली केबल शोधत रस्त्याची कड उकरत होती. दुपारी दोनपर्यंत मी त्यांना उकरू दिलं. ही गोष्ट मी आजवर कुठल्याही मैफलीत सांगितलेली नाही.

मग मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पुलावर दोन्ही लाइनी एकाच नळीत आहेत."

"सर, प्लीज. आज नको."

"मॅडम, खरंच."

"सर, माझ्यासमोर सगळे वरिष्ठ बसलेत. गंमत नंतर."

"लेखी देतो," मी म्हणालो.

तीन ओळी लिहिल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. दिवस मावळायच्या आत दोन्ही लाइनी सुरू झाल्या.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. रागावतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या थकलेल्या होत्या.

"सर, पत्रकात एक रकाना होता. दोन मार्ग कुठे एकत्र जात असतील तर दोघांसमोर एकच क्रमांक टाकायचा. कंट्रोलर मग त्यांना वेगळे धरत नाही. ही परवानगी मिळालीच नसती. गस्तही बंद झाली नसती."

मी पत्रक उघडून पाहिलं. शेवटून तिसरा रकाना. कोरा. यंत्राला नदी कळत नाही, पूल कळत नाही, असं मी पानठेल्यापासून लग्नमांडवापर्यंत सांगत फिरलो होतो. यंत्राने मला सरळ विचारलं होतं. त्याला माझ्या दाढेशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला एक आकडा हवा होता. त्या एका आकड्याने काकांची नोकरी राहिली असती.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला, 'जुन्या नोंदींतील त्रुटी'. जुन्या नोंदींना तोंड नसतं आणि मी माझं उघडलं नाही. मला एक मोघम ताकीदपत्र मिळालं, ज्यात माझ्यापेक्षा स्वल्पविराम जास्त होते. भंडारा रोडने खरीखुरी दुसरी लाइन टाकायला घेतली. परवानगी या वेळी पटकन मिळाली.

मग एका सकाळी मी काकांकडे गेलो. ते कन्हानजवळ कोळशाच्या खाणीच्या फाटकावर लागले होते. ट्रक आला की आडवा दांडा वर करायचा, गेला की खाली. कानापर्यंत काळी धूळ.

"काका, मी लेखी दिलं."

त्यांनी एक ट्रक सोडला. दांडा खाली घेतला.

"कवा?"

"लाइन तुटली त्या दिवशी."

"हं." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "मंग घेऊन राहिले का मले परत?"

"आता भंडारा रोडनं दुसरी लाइन टाकून राहिले. खरोखरची. गस्तीची गरज नाही म्हणतात."

"बराबर हाय. दोन लायनी असल्या त मानूस कायले पायजे." त्यात टोमणा नव्हता. त्यांना कामातलं कळत होतं, एवढंच. मग म्हणाले, "मंग तुमी काहून आले?"

वाटभर मी या प्रश्नाची तयारी केली होती. चौकशी अधिकारी घामाने कसा विरघळून खुर्चीखाली वाहत गेला, तो किस्सा ओठांवर होता. ते हसले असते कदाचित.

"इकडं जरा काम होतं," मी म्हणालो.

"झालं का?"

"नाही."

मागचा ट्रक हॉर्न देऊ लागला. काका दांड्याकडे गेले.