मागची डावी काच

भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते हसण्यासाठी, हे आधीच कबूल करतो. मी रेल्वेत मेकॅनिकल इंजिनियर, मूळचा साताऱ्याचा, सध्या लखनौला. इंजिन तापलं तर त्याला कारण असतं... सापडलं नाही तर बघणारा कमी पडला, एवढंच.

इथे आम्हा मराठी लोकांत एक पद्धत आहे. लखनौ सोडताना गाडी आपल्यातल्याच कुणाला तरी द्यायची. घेणारा ती आधी मेकॅनिकला दाखवत नाही — तो देणाऱ्याचा अपमान ठरतो. साठेसाहेब माझे सीनियर, मला हाताला धरून काम शिकवणारे. वहिनी वारल्या, वर्षभरात ते रिटायर होऊन पुण्याला निघाले, आणि त्यांची गाडी मी डोळे मिटून घेतली.

मे महिन्यातली दुपार. हजरतगंजहून मलिहाबादकडे निघालो, एसी लावला आणि दहा मिनिटांत टेम्परेचरचा काटा लालवर. एसी बंद केला — काटा खाली. रोज हेच. शेवटी रईसभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. कूलंट, थर्मोस्टॅट, रेडिएटरचा फॅन... सगळं तपासलं, निम्मं बदललं. फरक शून्य.

रईसभाई हात पुसत म्हणाले, "साहब, बुरा न मानिएगा. पीछे का बायाँ शीशा चार अंगुल उतारके चलाइए."

"उससे क्या होगा? उलटा एसी पर लोड बढ़ेगा."

"हम भी यही कहे थे, जब साठे साहब ने शीशे की बात बताई. मैडम वहीं बैठती थीं न, बंद शीशे में दम घुटता था उनका. उनके जाने के बाद से गाड़ी ऐसी ही है."

म्हणजे साठेसाहेबांना माहीत होतं. भुताचं नंतर बघू, आधी त्यांना जाब विचारायचा होता.

तिथूनच त्यांना फोन लावला. माहीत असून का सांगितलं नाहीत, ते विचारलं. ते म्हणाले, "सांगितलं असतं तर घेतली असतीस का?"

"नसती घेतली."

"म्हणून नाही सांगितलं. परक्याने तिच्यासाठी काच उघडी ठेवली नसती रे."

मी फोन कट केला.

आता वर्ष होत आलं. एसी चालू असताना काच उतरवली की काटा मध्यावर, चढवली की लालवर. कारण कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा, मला अजून सापडलेलं नाही. साठेसाहेबांचे फोन येतात, मी उचलत नाही. ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला त्यांनीच मला फसवलं, आणि ते मी विसरणार नाही.

काच मात्र निघण्याआधी उतरवतो... जानेवारीच्या थंडीत, एसी बंद असतानासुद्धा.