तोंडं बघणारे तात्या

तात्या हात जोडून देवाशी बोलायचे, पण डोळे माणसांवर असायचे. देवाला हे चालत असावं, कारण तात्यांच्या हातून कधी कुणाचा जीव गेला नाही. पुढे जे झालं ते तात्यांना कामावरून काढून टाकल्यावर झालं, आणि त्याचं पाप कुणाचं ते मालवणात सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही, कारण प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्याच धंद्यात आहे.

स्कूबाची होडी किल्ल्यामागच्या शांत पाण्यात थांबली की तात्या पुढच्या टोकाला उभे राहायचे आणि गाऱ्हाणं सुरू करायचे. आमच्याकडे देवळात नारळ ठेवून एक जण देवाला गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तात्यांनी ते होडीवर आणलं. “बा देवा म्हाराजा, ही मुंबय-पुण्याची लेकरां आज तुझ्या दर्यात उतारतत, तेंका सांभाळून घी रे म्हाराजा.” पाहुणे हसत ओरडायचे, व्हय म्हाराजा. “जेका सर्दी आसात, जेचे कान दुखतत, तेका होडयेतच बसव रे म्हाराजा. जेची रातची अजून उतराक नाय, तेकाय बसव रे म्हाराजा. पाण्यात जो श्वास कोंडून धरीत, तेका श्वास सोडूची बुद्धी दी रे म्हाराजा.” आणि शेवटी, जरा थांबून, “जो भियालो आसात पण सांगूक लाजता, तेची लाज काढून घी रे म्हाराजा.”

मी होडीच्या मालकांच्या काउंटरवर बसायचे. फोन घ्यायचे, नावं लिहायची, पाहुण्यांचे चष्मे-घड्याळं डब्यात ठेवायची. बायका जास्त असल्या की मालक मलाही होडीवर धाडायचे. पहिल्यांदा गाऱ्हाणं ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले. तात्यांनी नंतर मला बाजूला घेतलं. “हसलंस ता बरा केलंस. आधी मी शिकवल्याप्रमाणे सूचना सांगी, तर लोक फोनात बघीत. आता माझ्याकडे बघतत. म्हंजे माकाय तेंची तोंडां दिसतत. बाय, व्हय सगळेच म्हणतत. जेचा तोंड हलना नाय, तो माझो.”

त्या दिवसापासून मीही तोंडं बघायला लागले. खरंच प्रत्येक खेपेला एखादं तोंड मिटलेलं असायचं. एकदा एक कॉलेजची मुलगी होती. मैत्रिणी तिला ढकलत होत्या, चल गं, व्हिडिओ येईल. ती हसत होती, पण शेवटच्या व्हयला तिचे ओठ हलले नाहीत. तात्यांनी मास्कची पिशवी उगाच खालीवर केली आणि म्हणाले, “हिच्या मापाचो मास्क आज नाय गो.” सगळ्या मापांचे मास्क पिशवीत होते. मुलगी होडीत बसली, तात्यांनी बाटलीतलं कोकम सरबत तिला दिलं आणि काठाशी वाकून खालचे मासे दाखवले. उतरताना तिने त्यांना वाकून नमस्कार केला. कशासाठी केला ते तिच्या मैत्रिणींना कळलं नाही.

तात्या मूळचे मसुऱ्याचे. माझं माहेरही तिथलंच. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे, आणि पोहणं खाडीतलं. पन्नाशीला आल्यावर स्कूबा रीतसर शिकून आले. डायव्हर पोरांना त्यांचं एकच सांगणं होतं, “एका हातात एकच जीव.” दोन पाहुण्यांना एक डायव्हर म्हटलं की ते होडीतून उतरून चालू पडायचे. पाणी गढूळ असलं तरी तेच. “हाताचा बोट दिसना नाय, माणूस खंय दिसतलो?” म्हणायचे आणि किनाऱ्यावर उकिडवे बसून विडी ओढायचे. मालकांचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात गाऱ्हाण्यात मालकांसाठीही एक ओळ होती. “ज्या मालकाक सिलिंडर तपासूचो कंटाळो येयत, तेका त्याच सिलिंडरावर खाली धाड रे म्हाराजा.” या ओळीला पाहुण्यांचा व्हय सगळ्यात मोठा यायचा. मालकही वरवर हसायचे. पण मी त्यांच्याशेजारी बसणारी बाई, मला ते हसू ठाऊक होतं.

मग कुठल्याशा कंपनीचा एक साहेब आला. तोंडाला बियरचा वास, गळ्यात सोन्याची साखळी. तात्यांनी त्याला होडीतच बसवला. त्याने आधी होडीवर तमाशा केला, मग माझ्या काउंटरवर, आणि घरी जाऊन इंटरनेटवर आमच्या नावाने लांबलचक शिव्या लिहिल्या. मालकांनी तात्यांना बोलावून ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तेनाच लिवल्यान मां? म्हंजे जितो आसा.” मालकांनी फोन टेबलावर आपटला. मी तोंडाला पदर लावून बाहेर आले.

मालक हुशार माणूस. त्यांनी भांडण केलं नाही. हंगाम संपता संपता तात्यांना फेटा बांधून पाहुण्यांनी भरलेल्या होडीवर उभं केलं, माईक लावला आणि गाऱ्हाणं रेकॉर्ड करून घेतलं. तात्या बिचारे खूश. पुढच्या हंगामाला आले तर मालक म्हणाले, “तात्यानु, आता तुमी दमू नकात. तुमचो आवाज सगळ्या होडयांवर जातलो.” प्रत्येक होडीला एक स्पीकर आणला होता. सिलिंडरची ओळ तेवढी कापली होती. माणूस नको होता, आवाज हवा होता. तात्या मसुऱ्याच्या बसमध्ये बसले आणि काजूच्या बागेत राबायला लागले. बायकांसाठीही आता वेगळं कुणी नको म्हणून मला होडीवर धाडणं बंद झालं.

त्याच हंगामात घाटावरून एक शिक्षक आले, बायको आणि मुलगी घेऊन. चष्मा माझ्याकडे देताना म्हणाले, “ताई, जपून ठेवा हं, याच्याशिवाय मला काही दिसत नाही.” त्या दिवशी पाणी गढूळ होतं आणि एका डायव्हरकडे दोघं होते. डायव्हर मुलीचा व्हिडिओ काढत होता, तेवढ्यात वडील हातातून सुटले. त्यांना वर काढलं तेव्हा होडीवरच्या ऑक्सिजनच्या बाटलीत ऑक्सिजन नव्हता. कधीपासून नव्हता देव जाणे. दवाखान्यात जायचं कारणच उरलं नव्हतं, तरी नेलं.

संध्याकाळी त्यांची बायको चष्मा न्यायला आली. ती रडत नव्हती. डब्यातून चष्मा काढून दिला तर तो हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, “बोटीवर ते देवाचं लावलं ना, तेव्हा सगळे ओरडत होते. हेच तेवढे गप्प होते. मी त्यांना हसले हो. म्हटलं, बाबा घाबरले बघ.” मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते? माझ्या डोळ्यांसमोर तात्यांची ती मास्कची पिशवी आली.

चौकशीला तात्यांना ओरोसला जिल्ह्याच्या ऑफिसात बोलावलं, कारण आवाज त्यांचा होता. मीही त्यांच्याबरोबर एसटीने गेले. इस्त्रीचा सदरा घालून तात्या खुर्चीच्या कडेवर बसले होते. मालकांनी टेबलावर फोन ठेवून गाऱ्हाणं लावलं. त्या खोलीत तात्यांचा तो खणखणीत आवाज आणि मागून हसऱ्या लोकांचा व्हय म्हाराजा. मालक म्हणाले, “साहेब, सर्व सूचना दिलेल्या आहेत. पर्यटकांनी होकारही दिला आहे.”

तात्या ऑफिसात शुद्ध मराठी बोलायला गेले आणि तिथेच अडखळले. “साहेब, गाऱ्हाणं देवाला घालतात. पण होय माणसं म्हणतात. मी त्यांची तोंडं बघायचो. स्पीकर... तोंडं बघतो का?” चौकशीचा साहेब माणूस वाईट नव्हता. पेन हातात धरूनच म्हणाला, “तुमचं म्हणणं कळतंय, पण आवाज तुमचाच आहे ना?” तात्या म्हणाले, “होय.” तेवढंच कागदावर आलं.

पुढे व्हायचं तेच झालं. दोष गेलेल्या माणसाकडे गेला, भीती वाटत होती तर सांगायला हवं होतं म्हणे. डायव्हर पोरगा गोव्याला निघून गेला. थोड्या दिवसांत होड्या पुन्हा सुरू झाल्या आणि स्पीकरही. मी काउंटर सोडला. पण बाजारात मासे घ्यायला गेले की वाऱ्यावर तात्यांचा आवाज येतो, सांभाळून घी रे म्हाराजा, आणि माझी पावलं आपोआप भराभर पडायला लागतात. मेल्यांना लाज म्हणून नाही.

यंदा गावच्या देवळात गेले तर गाऱ्हाणं तात्यांच्या पुतण्याने घातलं. मान तात्यांचा, पण त्यांनी नको म्हटलं होतं. ते मागे खांबाला टेकून, हात जोडून उभे होते. पुतण्या पोराबाळांसाठी मागत होता, सगळा गाव व्हय म्हाराजा म्हणत होता. सवयीने मी तोंडं बघत गेले. एकच तोंड मिटलेलं होतं.

मी जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले. “तात्यानु, चला, बाहेर बसूया.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तोंडां बघतंस अजून?”

“व्हय.”

तात्यांचे जोडलेले हात खाली आले. “त्या दिवशी होडयेत तू असतंस तर गो बाय.”