जावयाचा ससा आणि अकरा घरचे धोंडे

त्या अधिक महिन्यात आमच्या वाडीतल्या अकरा घरांनी एका सशाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घातले. यात मी एक घरही वाढवून सांगत नाही. उलट धाकट्या भावकीतली दोन घरं सोडूनच दिलीत, कारण त्यांनी नुसता गूळ दिला आणि वर तोंडानं 'गोड मानून घ्या' म्हणाले.

ससा माझ्या जावयाचा. पांढराशुभ्र, पाठीवर एक राखाडी डाग, आणि कान असे की एकानं तो भाटघरचं ऐकायचा आणि दुसऱ्यानं भोरचं. जावयानं तो लग्नाच्या कितीतरी आधी पाळलेला. पुण्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत एक खोली सशाची आणि उरलेलीत नवराबायको. जावयाला कंपनीनं तीन आठवडे परदेशी पाठवलं, मुलगी सोबत निघाली, आणि ससा आला आमच्याकडे. निघताना मुलीनं मला बाजूला घेतलं.

"आप्पा, ह्याला काही झालं ना, तर हे तुम्हाला एका शब्दानं बोलायचे नाहीत. पण ते न बोलणं मला जन्मभर ऐकावं लागेल. आम्ही येईपर्यंत हा हसताखेळता पाहिजे."

"अगं, तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली मी," मी म्हणालो. "एका वेळेला नव्वद माणसं, सोळा कोंबड्या आणि एक नवरदेव सुखरूप उतरवलाय. हा तर एकटा आहे."

तिनं मला दोन पानी सूचनांचा कागद दिला, पेंडीच्या गोळ्यांचा डबा दिला आणि गवताची एक मोठी पिशवी दिली. कागद मी फ्रिजवर चिकटवला. एसटीत पाट्या वाचायची सवय असली की एक गोष्ट अंगवळणी पडते: पाटी असते, लोक आपलं करतात ते करतात. पिशवी पहिल्याच दिवशी दिसेनाशी झाली. मला वाटलं सशानंच संपवली. नवीन पाहुणा, प्रवासातून आलेला, भूक लागली असेल.

आता खरी अडचण सांगतो. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना. आमच्याकडे या महिन्यात जावयाला धोंडे जेवण घालतात, आणि ते एकट्या सासऱ्याचं काम नसतं. भावकीतलं प्रत्येक घर त्याला बोलावतं. जावई चालता यावं इतपत शुद्धीवर असेपर्यंत त्याला जेवू घालतात. आणि आमचा जावई ऐन महिन्यात परदेशी. माझ्या थोरल्या चुलतीनं, म्हणजे वाडीच्या काकीनं, ही बातमी अशी ऐकली जशी कुणी आमचं भाटघर धरण फुटल्याची ऐकावी.

"म्हंजी? म्या पुरणाची डाळ आणून ठिवली, ती कुणाला घालू?"

तेवढ्यात ससा माजघरातून टुणूक टुणूक करत दारात आला आणि काकीकडे बघून नाक हलवू लागला. काकीनं त्याच्याकडे पाहिलं. माझ्या बायकोनं काकीकडे पाहिलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

"ह्यो जावईबापूंचाच न्हवं?" काकी म्हणाली.

"व्हय," बायको म्हणाली. "त्यांच्या घरचाच."

"मंग झालं की. ते न्हाईत तर त्यांच्या घरचं मानूस हाय."

दुसऱ्या दिवशी काकीच्या घरी रांगोळी घातलेल्या पाटावर ससा बसला. कपाळाला कुंकू लावलं, ते त्यानं पंजानं पुसून टाकलं. निरांजनाकडे पाहून तो दोन पावलं मागे सरकला, पण पुढ्यात धोंडे आले तसा चार पावलं पुढे आला. पुरण त्याला असं आवडलं की ताटातलं संपवून त्यानं काकीच्या पदराची कडसुद्धा चाटली. काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "खऱ्या जावयापरीस गुनाचं हाय," ती म्हणाली. "ह्यो न्हाई न्हाई म्हनत न्हाई."

एका घरानं मान केल्यावर दुसरं मागं कसं राहील? मी फ्रिजवरचा कागद एकदा वाचून दाखवला. गोड देऊ नये, धान्य देऊ नये, मुख्य खाणं सुकं गवत. बायकोनं कानांवर हात ठेवले.

"गवत? जावयाच्या घरचं पाव्हणं, आन त्येला गवत घालू? वाडी त्वांडात श्यान घालंल माझ्या. पोरगी संकोचानं लिवती तसं. आपून समजून घ्यावं."

मी समजून घेतलं. खोटं कशाला सांगू, रोज दुपारी सशाला काखेत घेऊन दोन-दोन घरी जायचं, तर सोबतच्या माणसालाही ताट असायचं. आठ दिवसांत माझा पट्टा दोन भोकं सरकला. ससा चौरंगासारखा दिसू लागला.

नवव्या दिवशी सकाळी तो कोपऱ्यात बसला, पाठ कमानीसारखी करून. पुरण पुढे केलं, तोंड फिरवलं. शिरा केला, तोंड फिरवलं. इंद्रायणी तांदळाचा आसट भात तूप घालून दिला, त्याचा वास भोरच्या बाजारपेठेपर्यंत गेला असेल, पण सशाचं नाक हललं नाही. ते नाक झोपेतही हलायचं. ते थांबलेलं पाहून मी बायकोला हाक मारली.

काकी आली. "रुसलंय," तिनं निदान केलं. "धाकट्या भावकीनं नुसता गूळ दिला, त्ये लागलं मनाला. जावयाचं घर हाय बाबा, मानपानाला कडक."

त्याची समजूत काढायला धाकट्या भावकीतली दोन माणसं टॉवेल आणि नारळ घेऊन आली. टॉवेल सशाच्या पाठीवर ठेवला. ससा त्याखाली तसाच बसून राहिला. मला वर्षानुवर्षं माणसं बघायची सवय आहे. रुसलेला माणूस टॉवेल घातल्यावर निदान कुणाकडून आला हे बघतो. ह्यानं बघितलं नाही.

"टोपली काढ," मी बायकोला म्हणालो. "दवाखान्यात जायचं."

भोरच्या जनावरांच्या दवाखान्यात आमच्यापुढे किकवीहून टेम्पोतून आलेली एक म्हैस होती. तिच्या मालकानं आमच्या टोपलीत डोकावून पाहिलं.

"काय झालंय?"

"जेवत नाही."

"मंग तुमीच त्येला खावा की," तो म्हणाला आणि स्वतःच इतका हसला की म्हशीनं मान वळवून पाहिलं. माझी बायको हसली नाही. तिनं टोपलीवर पदर ओढला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हशीला तपासलेला हात धुऊन त्यांनी सशाचं पोट असं चाचपलं जसं कुणी पिकलेला आंबा दाबून बघतं.

"लेंड्या शेवटच्या कधी टाकल्या?"

आठ दिवस आम्ही सशाच्या तोंडाकडे बघत होतो. दुसऱ्या टोकाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"खायला काय दिलंत?"

मी बसचे थांबे सांगावेत तसं सांगत गेलो. धोंडे, पुरणपोळी, शिरा, गुळाचा खडा, तूपभात, गव्हाची खीर. बाईंनी लिहायला घेतलं होतं. खिरीपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काका, एवढं खाऊन मघाची म्हैससुद्धा आडवी झाली असती. सशाचं आतडं सुक्या गवतावर चालतं. गवत थांबलं की आतडं थांबतं. ह्याचं थांबलंय. पोटात गॅस धरलाय आणि दुखतंय त्याला, म्हणून तो असा बसलाय."

"रुसला नाहीये?" बायकोनं बारीक आवाजात विचारलं.

"रुसला असता तर बरं झालं असतं."

त्यांनी इंजेक्शनं दिली, पोट हलक्या हातानं कसं चोळायचं ते दाखवलं आणि बिनसुईची सिरिंज दिली, थोडं थोडं पाणी पाजायला. "गोड आणि धान्य पूर्ण बंद. डोंगरावरचं चांगलं सुकं गवत आणा. भाताचा पेंढा नको, बुरशीचं नको. संध्याकाळपर्यंत खायला लागला नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर लगेच पुण्याला न्या. सशाच्या बाबतीत उद्या बघू चालत नाही."

संध्याकाळी सहाला मुलीचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. आदल्या दिवशी तिनं ससा बघून विचारलं होतं, "गप्प का बसलाय हो?" मी म्हणालो होतो, "जेवून बसलाय." आज मी काय म्हणणार होतो?

बायकोला आणि सशाला घरी सोडलं आणि गवताला निघालो. आमच्या वाडीत सगळीकडे पेंढा. डोंगरी गवताच्या गंजी म्हटल्या की माझ्या डोळ्यांपुढे एकच घर आलं, विंझरचा माझा मेहुणा. मोटरसायकल कापूरहोळवरून नसरापूरला आणि तिथून वेल्ह्याच्या रस्त्याला अशी घातली की माझी सावली आंबवण्यापर्यंत मागंच राहिली होती. ती नंतर धापा टाकत येऊन मिळाली.

मेहुणा गंजीच्या सावलीत बसला होता.

"दाजी, तुमी तर जनावरं इकली. गवत कुणाला?"

"सशाला."

"मंजी घावलाय व्हय? आन गवत घालून वाढिवणार आन मंग कापणार?"

"जावयाचा आहे."

"जावई गवत खातंय?"

"ससा जावयाचा आहे!" मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरच्या डोंगरानं ते दोनदा सांगितलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो उठला आणि गंजीच्या पोटातलं, ऊन न लागलेलं, हिरवट राहिलेलं गवत उपसू लागला.

"आक्काला म्हणावं काळजी करू नगं," तो म्हणाला. "आन दाजी, गायीला कदी पुरणपोळीवर ठिवली व्हती का?"

गायीचं मला कळलं असतं. गाय जावयाची नव्हती.

परतताना गवताचा भारा एवढा होता की मी मोटरसायकल चालवतोय की गंजीच भोरकडे निघालीय हे समोरच्याला कळत नव्हतं. कापूरहोळला दोन शेळ्या मागे लागल्या आणि त्यांच्यामागे शेळ्यांची मालकीण. पाच वाजून गेल्यावर घरी पोचलो, भारा अंगणात टाकला आणि आत धावलो.

सशाचा कोपरा रिकामा. सिरिंज तिथंच, पाण्याची वाटी तिथंच, टॉवेल तिथंच. बायको पलंगाजवळ जमिनीवर पालथी पडलेली. मी जोरात हाक मारली.

"अवो, हिकडं या," ती न वळता कुजबुजली. "आवाज करू नगा."

मीही पालथा झालो. पलंगाखाली आमच्या रायवळ आंब्यांची आढी लावलेली होती. त्या आंब्यांमधून सशाचं ढुंगण वर आलेलं दिसत होतं, आणि आतून आवाज येत होता: कुरुम, कुरुम, कुरुम. आंब्यांखालचं गवत तो ओढून ओढून खात होता. नाक दिसत नव्हतं, पण शेपटीसुद्धा नाकासारखी हलत होती.

"हे गवत कुठलं?" मी विचारलं. आमच्या आढीला नेहमी पेंढा असतो.

बायकोनं आढीतला एक आंबा उचलून पदरानं पुसला.

"अगं, कुठलं?"

"पोरीनं दिलेल्या पिशवीतलं." तिनं पदर तोंडावर घेतला. "मला काय म्हाईत? एवढं चांगलं वासाचं गवत बघून मला वाटलं, जावईबापूंनी आंबे पिकवायला दिलंय. म्हंजी जाताना पेटी भरून द्या, असं सुचवलंय. त्वांडानं कसं मागतील? म्हनून म्या समजून घेतलं."

विंझरच्या डोंगराचा भारा अंगणात पडला होता आणि औषध पलंगाखाली होतं, आंब्यांच्या बुडाशी.

थोड्या वेळानं एका पिवळ्या आंब्यावर टप करून काहीतरी पडलं. वाटाण्याएवढं, गोल. मग दुसरं. बायकोनं ते तळहातावर घेतलं आणि प्रसादासारखं असं धरलं की मी नकळत हात पुढे केला. सहा वाजता मोबाईल वाजला. आम्ही सशाचं तोंड दाखवायच्या आधी लेंडीच दाखवली.

"आप्पा, हे काय दाखवताय?" मुलगी ओरडली.

"तब्येत," मी म्हणालो.

अधिक महिना संपल्यावर दोघं परत आली. सशानं जावयाच्या पायाभोवती चार गोल फेऱ्या मारल्या. जावयानं त्याला उचललं आणि छातीशी धरलं. मुलीनं सशाच्या मानेत नाक खुपसलं.

"ह्याच्या अंगाला आंब्याचा वास कसा येतोय?"

मी ठरवलं होतं की या वेळी काही लपवायचं नाही. पहिल्यापासून सांगितलं. अकरा घरं, पाट, निरांजन, टॉवेलनारळ, म्हैस, आढी. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तसं बोललो असेन, त्यामुळे मध्ये मध्ये अडखळलोही.

मुलगी पोट धरून हसली. "आप्पा, तुम्ही किती वाढवून सांगता हो! सशाला पाटावर? निरांजन?" जावईही हसला. "मामा, भारी रचलंत."

मी बायकोकडे पाहिलं. ती आंबे निवडण्यात गुंग झाली होती.

तेवढ्यात काकी आली, हातात झाकलेलं ताट. जावई उठून पाया पडला. "काकी, यंदा तुमचे धोंडे हुकले. पुढल्या खेपेला नक्की येतो जेवायला."

"या की तुमी," काकी म्हणाली आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघू लागली. "पन आदी मला सांगा, पाव्हणं कुठं हाय? मागच्या टायमाला माझ्यात बसलं व्हतं तवा कसं निवांत जेवलं. पदर सुदिक चाटला माझा."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी सशाकडे पाहिलं. तो विंझरचं गवत खात होता आणि एक कान आमच्याकडे लावून होता.