तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही रायस्वाइकहून अ‍ॅमस्टरडॅमला निघालो ते जेवायला की नाटकाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तिकिटं बायकोने काढली होती. माहितीत लिहिलं होतं की हे नाटकही नाही, जेवणही नाही, ‘एकत्र असण्याचा शोध’ आहे. मी म्हटलं, घरून पोळीभाजी खाऊन निघू.

“अरे, जेवायलाच चाललोय ना?”

“तेच तर त्यांनी कबूल केलेलं नाही.”

हौस तिची होती. पुण्यात कॉलेजात असताना तिने एकांकिका गाजवल्या होत्या. इथल्या आठ वर्षांत तिच्या वाट्याला आलं ते गणपतीतलं सूत्रसंचालन, आणि त्यातही निम्म्या सूचना पार्किंगच्या. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. पण ‘प्रेक्षकांतल्या एकाला भूमिका मिळेल’ ही ओळ तिने मला दोनदा वाचून दाखवली होती. दुसऱ्यांदा जरा सावकाश.

स्टेशनमागून फेरीबोट पकडून आम्ही पाण्यापलीकडे उतरलो. पूर्वी जिथे जहाजं दुरुस्त व्हायची, त्या शेडमध्ये एकच लांब टेबल मांडलं होतं आणि त्याला जोडपी लावून ठेवली होती. बरेचसे आमच्यासारखे बाहेरगावचे, म्हणून प्रयोग इंग्रजीत. एका लग्नाची पंगत, आम्ही वऱ्हाडी, नट हेच वाढपी. पहिल्या ताटलीत एक गाजर होतं. त्यावर एका नटाने इतक्या गंभीरपणे भाष्य केलं की ते खाताना मला अपराधी वाटलं.

सूप मात्र उत्तम होतं. एप्रन बांधलेला एक उंच नट पातेलं घेऊन आला. “अजून?”

“नको, नको,” मी म्हटलं आणि वाटी थोडी पुढे सरकवली.

“प्रीमा,” म्हणजे डचमध्ये ‘छान, ठीक आहे’, असं म्हणून तो पातेलं घेऊन गेला.

“खा आता सभ्यपणा,” बायको कुजबुजली.

मग तो एक खुर्ची घेऊन आला. लग्नात रुसलेल्या आत्याची जागा रिकामी होती, तिच्यासाठी कुणीतरी हवं होतं. त्याने सरळ माझ्या बायकोला विचारलं. तिने मान खाली घालून हसत दोन्ही हात हलवले. “नाही, नाही, मी कुठली.”

“प्रीमा.” खुर्ची पुढच्या जोडप्याकडे निघाली.

तिचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. तिने रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला होकार देणारा माणूस हावरा. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. या माणसाला कोण सांगणार?

मी उठलो. भर प्रयोगात उठणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. नटाला गाठून म्हटलं, “तिला यायचंय.”

“पण त्या नाही म्हणाल्या.”

“आमच्याकडे ती सुरुवात असते.”

त्याने दिग्दर्शकाची सूचना ऐकावी तसं ऐकलं. “किती वेळा विचारायचं?”

“तीनदा. एकदा झालंय.”

तो परत आला. पुन्हा विचारलं. ती नाही म्हणाली, पण रुमाल टेबलावर ठेवला. तिसऱ्यांदा त्याने गुडघा टेकला. हे मी सांगितलं नव्हतं. ती उठली, ओढणी सारखी केली आणि खुर्चीत जाऊन बसली ती थेट सगळ्यांकडे पाठ करून.

मग तिने खांद्यावरून मागे बघत खणखणीत मराठीत सुनावलं, “माणसाला एकदा विचारून पातेलं उचलतात? हेच शिकवलं का तुम्हाला घरी?” एक अक्षर न कळता टेबल हसलं. नट एकामागून एक तिची समजूत काढायला आले. कुणी पाव आणला, कुणी फुलं, नवरदेवाने चक्क पाय धरले. तिने प्रत्येकाला दोनदा परतवलं. माहितीपत्रकात वचन दिलेला शोध बहुधा त्यांना तेव्हाच लागला.

शेवटी ती वळली आणि इंग्रजीत म्हणाली, “जेवते. पण आधी त्या चष्मेवाल्याला सूप वाढा. तो नको म्हणेल. ऐकू नका.”

उंच नट पातेलं घेऊन माझ्याकडे आला. सगळं टेबल बघत होतं.

“नको, नको,” मी म्हटलं.

त्याने वाटी काठोकाठ भरली.