गुलाबाच्या वाफ्यामागची भिंत

आमच्या तळघरात मुलींची अभ्यासिका आहे. दहा टेबलं, दहा खुर्च्या, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुली सकाळी सातला येतात आणि दिवेलागणीनंतर आपापल्या खोल्यांवर जातात. घरातल्या बाईच्या नजरेखाली पोरगी बसते, एवढ्या भरवशावर खेड्यापाड्यांतले वडील त्यांना माझ्याकडे सोडतात. त्या भरवशाचा मला फार गर्व होता.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं खाली उतरताना ओढणी नाकाला लावली. मी तिच्यावरच चिडले. मग दुसरीनं जागा बदलून मागितली, तेव्हा मी दुपारी एकटीच खाली जाऊन उभी राहिले. कुबट वास. ओलं पोतं आठवडाभर कोपऱ्यात पडलं की येतो तसा. माझ्या घरात असा वास यावा म्हणजे नाकच कापलं गेलं की माझं!

मी स्वभावानं हट्टी. त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ बादलीभर फिनाईलच्या पाण्यानं फरशी पुसायला लागले. वास वाढला तसं मी पाणीही वाढवलं. धूप लावला, कापूर जाळला, कपाटात डांबरगोळ्या टाकल्या. चार दिवस खाली देवळात गेल्यासारखं वाटायचं. पाचव्या दिवशी वाटायचं, देवळात कुणीतरी ओले मोजे विसरून गेलंय. तीन मुली दुसरीकडे गेल्या. राहिलेल्यांपैकी एक देवळा तालुक्यातली होती. तिची खुर्ची कपाटाच्या भिंतीला लागून. ती खोकायची आणि खोकून झालं की खडीसाखर तोंडात टाकायची. मी तिला गरम पाणी प्यायला सांगायची आणि पुन्हा फरशी पुसायला लागायची.

एका मंगळवारी ती वर स्वयंपाकघरात आली.

"काकू, रविवारी पप्पा येणारेत. मला घेऊन जायला."

तिचा खोकला त्यांनी फोनवर ऐकला होता. महिनाभर ती खोकला दाबून बोलत होती, पण त्या दिवशी जमलं नाही.

"बरी झालीस की ये परत," मी म्हणाले.

"परत नाही यायचं होणार, काकू. स्थळं बघून ठेवलीत. पप्पांनी एकच वर्ष दिलंय." परीक्षा चार महिन्यांवर होती.

मला माझीच लाज वाटली. पोरगी महिनाभर खोकत होती आणि मी माझ्या फरशीच्या अब्रूची काळजी करत होते. त्याच क्षणी ठरवलं, या पोरीला मी अशी जाऊ देणार नाही.

दुपारी आम्ही दोघींनी पुस्तकं उतरवून कपाट ओढलं. मागे भिंत काळी. जमिनीपासून कमरेपर्यंत बुरशी, आणि तीही फक्त त्याच भिंतीला. इतके दिवस मी फरशी घासत बसले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

भिंतीच्या पलीकडे आमच्या यजमानांचा गुलाबांचा वाफा. हे सायखेड्याचे, द्राक्षबागाईतदाराच्या घरातले. नोकरी सातपूरच्या कारखान्यात झाली, पण जीव मातीत. निवृत्त झाल्यावर पहिलं काम केलं ते भिंतीलगत गुलाब लावून त्यांना ठिबक बसवण्याचं. दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास, पावसाळ्यातसुद्धा. आमच्याकडच्या माणसाला नळ उघडा राहिलेला दिसतो, ठिबक चालू असलेलं दिसत नाही. ठिबक म्हणजे पाण्याची बचत, त्यानं कधी कुणाचं वाईट होईल हे डोक्यातच येत नाही.

"अहो, तुमच्या गुलाबांचं पाणी भिंतीत उतरतंय," मी म्हटलं.

"अगं, थेंब थेंब पाणी ते! थेंबानं कुठं भिंत भिजते? वडिलांनी अख्खी बाग थेंबावर वाढवली."

"बागेखाली तळघर नव्हतं."

मी भिंतीचा हातभर भाग कोरडा पुसला आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी घट्ट चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. पाणी भिंतीतूनच येत होतं. यांना हाताला धरून खाली नेलं, दाखवलं.

"ते तुझ्या फिनाईलच्या पाण्याचं," हे म्हणाले.

मला राग आला, पण त्यात थोडं खरंही होतं. बंद खोलीत रोज दोन बादल्या पाणी मीच तर ओतत होते. म्हटलं, "मी पोछा बंद करते, तुम्ही ठिबक बंद करा." मी त्याच दिवशी बंद केला. यांनी मात्र नाही. कळ्या आल्या होत्या म्हणे. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

रविवारी मुलीचे वडील आले. चहासुद्धा नको म्हणाले, आधी खाली उतरले. भिंतीला तळवा लावला, मग तळव्याचा वास घेतला.

"साठवणीच्या चाळीतला कांदा खालून सडतो, ताई. वरून चांगलाच दिसतो. ह्या भिंतीच्या पल्याड काय हाय?"

मी यांच्याकडे बघितलं फक्त.

"गुलाब आहेत," हे म्हणाले. "ठिबकवर."

त्यांनी मान हलवली आणि लेकीला पुस्तकं आवरायला सांगितलं. पोरगी एकेक वही पिशवीत भरायला लागली, आमच्याकडे न बघता. हे तसेच अनवाणी वर गेले. थोड्या वेळानं बाहेरून कुदळीचा आवाज यायला लागला. वर जाऊन बघते तर नळी कापून बाजूला टाकलेली आणि हे मुळासकट गुलाब उपटतायत. चाळीस वर्षांच्या संसारात मला या माणसाचं इतकं प्रेम क्वचितच वाटलं असेल.

मागोमाग वर आलेल्या मुलीच्या वडिलांना मी खरं तेच सांगितलं. "भिंत आज वाळणार नाही. दोन महिने तरी लागतील. तोवर ही माझ्या दिवाणखान्यात बसेल. माझ्यासमोर."

त्यांनी उपटलेल्या गुलाबांकडे बघितलं. "वर बसू द्या," ते म्हणाले. "खाली मातर मी सांगितल्याबिगर नाय."

मग उरलेल्या सगळ्याच मुलींसाठी दिवाणखान्यात चार टेबलं आली. सोफा बाल्कनीत गेला. हे आवाज बंद करून क्रिकेट बघायला शिकले. बाहेर भिंतीलगत कंबरभर चर खणला, वर पत्रे टाकले, ऊन पडलं की काढायचे. गवंड्यानं बाहेरून पाणी अडवणारा लेप दिला. आतला गिलावा मी स्वतः खरवडला, नाकातोंडाला फडकं बांधून. झरोक्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, कोपऱ्यांत घमेल्यांतून ओल शोषणारी चुनकळी ठेवली. छत्र्या, ओल्या चपला जिन्याच्या वरच. आणि फरशीला फक्त कोरडा केरसुणीचा हात. बादली दिसली की माझे हात अजून शिवशिवतात.

दसरा झाल्यावर मुलीचे वडील न कळवता आले. सरळ तळघरात उतरले.

"तिची खुर्ची कुठली?"

मी दाखवली. ते बसले. "तुमी जा, ताई. मी बसतो जरा."

वर मुलगी पुस्तक उघडून बसली होती. तासभरात तिनं पान उलटलं नाही. मीही एकच भांडं तीनदा पुसलं. शेवटी न राहवून चहा घेऊन खाली गेले, ती माझ्या मागोमाग आली.

वडील झोपले होते. डोकं त्याच भिंतीला टेकलेलं, श्वास शांत. मी हाक मारायला पुढे झाले, तर तिनं माझा हात धरला.

"नका उठवू, काकू," ती म्हणाली, आणि पावलं न वाजवता पुस्तकं खाली आणायला लागली.