खालून येणारा आवाज

बल्लारपूरचे आमचे शेजारी काका आमच्या वस्तीखालून गेलेल्या कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. बोलता बोलता मधेच हात वर करून गप्प व्हायची त्यांना सवय. "छत पडायच्या आधी बोलते. ऐका लागते," ते सांगत.

एका दुपारी मी पहिल्यांदाच कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करत होतो, म्हणजे त्याचा ठरलेला वेग वाढवत होतो. काका शेजारी बसले होते. दोनदा वेग वाढवला, तसा आतला पंखा घोंघावू लागला. तिसऱ्यांदा वाढवणार, तोच काकांचा हात वर गेला.

"बंद कर."

"गरम तर होतेच काका. काई नाई होत."

त्यांनी प्लगच उपटला. पंखा थांबला, तरी हात खाली येईना.

"आता तर बंद आहे," मी म्हणालो.

"याचा आवाज मधात येऊन राह्यला होता, म्हून बंद केला." त्यांनी वाकून फरशीला कान लावला. "तुझ्या आईले बाहेर ने."

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं अंगणात उभे राहिलो. काहीच झालं नाही. पण तेव्हापासून काका आमच्या घरात पाऊल ठेवत नाहीत, दारातूनच हाक मारतात. मीही वेग पुन्हा वाढवला नाही. पंखा घोंघावत असला की खालचं काही ऐकू येत नाही.