हा करून दाखव

लेक कॉलेजातून आली ती फणफणतच. वादविवाद स्पर्धेत तिच्या वाट्याला बाजू आली होती, दारू कायद्यानं चालते तर गांजाही चालू द्यावा. मी भेंडी चिरत होते. ती समोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "माय, तुझंच वाक्य घेणार हाय मी. दारूपेक्षा गांजा बरा, असं तूच म्हणायचीस ना?"

विळीवरचा माझा हात थांबला. व्हय, मीच म्हणायचे. साऱ्या गावाला ऐकवून म्हणायचे.

माझा नवरा दारूनं गेला. दुकान परवान्याचं, बाटली शिक्क्याची, सगळं रीतसर. घरात मात्र रोज आदळआपट. तो गेला आणि तो चालवायचा ती आमची जीप दारात नुसती उभी राहिली. आमच्या डोंगरकडा गावाहून कळमनुरीला शाळेची लेकरं आणि बाजारच्या बाया नेणारी जीप. माझा धाकटा भाऊ ती चालवायला आला.

आमच्याकडं बायांची एक रीत होती. माझ्या नवऱ्यामुळंच पडली म्हणा ना. लेकरू गाडीत बसवायच्या आधी बाई ड्रायव्हरसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "हा कर." त्यानं तोंड उघडून हा करायचं, बाईनं वास घ्यायचा. दारूचा वास आला की लेकरू खाली. भाऊ रोज हसत हसत हा करायचा आणि रोज पास व्हायचा.

तो गांजा ओढतो हे मला माहीत होतं. कपड्याला वास यायचा, डोळे तारवटलेले असायचे. एका म्हातारीनं तोंडावर विचारलंही, "काहून गं, ह्याचे डोळे असे?" मी तिच्या अंगावरच गेले. "असू दे की! कधी आवाज चढवला ह्यानं? कुणावर हात उगारला? गाडी तर बैलगाडीसारखी हाकतो. दारुड्याबरोबर संसार केलाय मी, मला नका शिकवू!" म्हातारी गाडीत जाऊन बसली. विधवा बाईला कोण उलटून बोलणार? त्याचाच फायदा घेतला मी. आणि आठवीतली माझी लेक त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसवली.

भाऊ वाईट नव्हता, अजूनही नाही. लेकीचे लाड त्याच्याइतके कुणी केले नाहीत.

एका सकाळी मीही गाडीत होते, मागं. नांदेडच्या रस्त्यावर त्यानं गाडी थांबवली, अगदी मधोमध. समोर गुरं असतील म्हणून मी वाकून बघितलं, तर रस्ता मोकळा. "काहून थांबलास रे?" तो निवांत म्हणाला, "म्हशी तर जाऊ दे, अक्का." म्हशी कधीच्या शेतात उतरल्या होत्या. मागून टँकरचा हॉर्न सुरू झाला. मी ओरडले, "बाजूला घे!" तो म्हणाला, "घेतली की." खरंच, त्याला वाटत होतं त्यानं घेतली! टँकर डाव्या अंगानं कच्च्यावर उतरला, आम्हाला घासून गेला, आणि लेकीच्या बाजूचा आरसा फुटून काचा तिच्या मांडीवर पडल्या. ती रडली नाही. मामाकडं बघितलंही नाही. मान वळवून माझ्याकडं बघत राहिली.

मी पुढं हात घालून किल्ली काढली. भावाला राग आला. "अक्का, दारू तर पीत न्हाई ना मी!" माझंच बोलणं मला परत मिळालं. थोबाडीत बसावी तसं झालं मला.

त्याच महिन्यात मी गाडी शिकायला लागले. बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, जीप तीनदा बंद पडली. सारी कळमनुरी हसली. हसा म्हणलं, हसून घ्या! लायसन काढूनच थांबले. भाऊ आता शेत बघतो. स्टिअरिंगला त्याला पुन्हा हात लावू दिला नाही, देणारही नाही.

लेकीला मी म्हणलं, "स्पर्धेत बोल. दारूनं जास्त घरं मोडली हे छातीठोक बोल, मी साक्षीला हाय. गांजा चोरून ओढावा लागतो म्हणून, आरसा फुटल्यावर मामाला दवाखान्यात नेला तर तो डॉक्टरलासुद्धा खरं बोलला न्हाई, हेही सांग. कायदा काय करायचा ते शहाणे ठरवतील. पण 'बरा' हा शब्द माझ्या नावावर खपवू नको. कमी वाईट म्हण. अन् कमी वाईटाच्या हातात मी तुला दिलं होतं, तेबी सांग."

"माय, माझी बाजू लंगडी पडंल की!"

"पडू दे."

आज स्पर्धा. सकाळी मी जीप काढली. ती नवी ओढणी घेऊन माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. आरसा फुटला त्या दिवसापासून हिनं एकाही फेरीआधी तपासणी चुकवलेली नाही.

"माय, हा कर."

मी हा केलं. मग तिनं माझे डोळे निरखले आणि रोजच्यासारखं विचारलं, "समोर काय दिसतंय, सांग."

नुसत्या माझ्या शब्दावर ती आता गाडीत बसत नाही.

"शेळी बांधलीय, हापसा हाय, एक सायकल चाललीय," मी म्हणलं. तिनं वळून स्वतः बघितलं, आणि मगच शेजारी येऊन बसली.